वाडी पिवळी हवी की हिरवी, ते आधी ठरवा

स.न.वि.वि.
सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात आमचं घर आणि २२ गुंठ्यांची माड-पोफळीची वाडी आहे. सातबारावर यजमान आणि धाकटे दीर. मागच्या आठवड्यात पेपरात नगरपरिषदेची नोटीस आली की शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली आहे. जाऊन नकाशा पाहिला, तर आमच्या ९ गुंठ्यांवर 'वाहनतळ' असं आरक्षण! बाकीची वाडी हिरव्या रंगात, म्हणजे शेती विभागात आहे. घरासमोरची पाणंद १२ मीटरचा रस्ता दाखवली आहे. त्यात गडगा, काही माड आणि विहीर जाते. पाणंदीच्या टोकाला समुद्राकडे एक मोठी पडीक जागा आहे, बाहेरच्या कोणी घेतलेली. ती निळ्या रंगात, म्हणजे वाणिज्य. तिथे हॉटेल येणार अशी बोलवा आहे. आमच्या घरी कसलीही नोटीस आलेली नाही. भावोजी डोंबिवलीला असतात. ते म्हणतात, आरक्षण काढून घ्या, सगळी जागा 'येलो', म्हणजे रहिवासाची करून घ्या आणि विकून मोकळे होऊ. एक एजंट सारखा फोन करतो. नात्यातले एक माजी नगरसेवक म्हणतात, लेखी काही देऊ नका, मी वरून बघतो. यजमानांना वाडी विकायची नाही. मला एवढंच वाटतं की आमचं आरक्षण उठावं आणि ते हॉटेलही होऊ नये. लेकीचं म्हणणं, पर्यटकांसाठी वाडीत दोन खोल्या आताच बांधून टाकू. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

ताई, सगळ्यात आधी तारीख बघा. पेपरात नोटीस वाचलीत तो दिवस धरू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, आणि ते मोजायचे राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाली तिथून. राजपत्र आणि तुमच्या घरी येणारा पेपर यांच्यात काही दिवस सहज निघून जातात. म्हणून उद्याच नगरपरिषदेत जाऊन राजपत्राची तारीख लिहून घ्या आणि कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाच्या चार दिवस आधी खूण करा. शेवटच्या दिवशी आवक-जावक विभागापुढे रांग असते, आणि त्या गर्दीत पोच न घेता परतणारे बरेच असतात.

घरी नोटीस आली नाही, यावर तुम्ही चिडला आहात. चीड समजते, पण त्यावर वेळ घालवू नका. प्रारूप योजनेच्या टप्प्यावर प्रत्येक मालकाला घरपोच नोटीस द्यावी असं कायदा म्हणत नाही. राजपत्र, वर्तमानपत्र आणि कार्यालयात नकाशा पाहायला ठेवणं, एवढ्यावर ते भागतं. 'आम्हाला कळवलंच नाही' हा मुद्दा हरकतीत पहिल्या ओळीत घालणारे बहुसंख्य असतात आणि तो पहिल्या ओळीतच संपतो.

माजी नगरसेवकांबद्दल. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नात्यातले आहेत, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत असाल. पण सल्ला चुकीचा आहे. नियोजन समितीपुढे उभं राहून म्हणणं मांडायची संधी कलम २८ कोणाला देतं? ज्याने हरकत किंवा सूचना दाखल केली त्याला. या समितीत नगरपरिषदेचे सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले नगररचनेतले जाणकारही. तुमच्या नावाचा कागदच नसेल, तर यादीत तुमचं नाव येणार नाही आणि सुनावणीचं पत्रही येणार नाही. आणि उद्या वरून काही झालं नाही, तर कोर्टात पहिला प्रश्न हाच येईल की मुदतीत हरकत घेतली होती का. वरून बघणाऱ्यालाही बोट ठेवायला खालून आलेला कागद लागतो. त्यांना सांगा, तुम्ही वरून बघा, आम्ही खालून देतो.

आता जे मला खरोखर सांगायचं आहे ते.

तुमच्या घरात तिघांच्या तीन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. भावोजींना जागा पिवळी, म्हणजे रहिवास विभागात हवी. यजमानांना ती वाडी म्हणून हवी. तुम्हाला आपल्यावरचं आरक्षण जायला हवं आणि पलीकडचं हॉटेल यायला नको. हे सगळं एका अर्जात घालून तुम्ही समितीपुढे गेलात, तर टेबलापलीकडून कोणीही विचारील: वहिनी, तुमच्या चालत्या बागेत प्लॉट पडले तर चालतात आणि शेजारच्या पडीक जागेत इमारत आली तर किनारा बिघडतो, हे कसं काय? याला तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

म्हणून अर्ज लिहायच्या आधी घरात बसून ठरवा की ही जमीन तुम्हाला वाडी म्हणून हवी आहे की प्लॉट म्हणून. प्लॉट म्हणून हवी असेल तर त्यात पाप काही नाही. दीर बाहेर, लेक उद्या लग्न होऊन जाईल, नारळ उतरवायला माणूस मिळत नाही, आणि वाडीच्या उत्पन्नावर दोन घरं चालत नाहीत. मग सरळ मागा: आरक्षण वगळा, क्षेत्र रहिवास विभागात घ्या. पण मग हॉटेलबद्दल तोंड बंद ठेवा. वाडी म्हणून हवी असेल, तर तुमच्या तिन्ही तक्रारींना एकच कणा मिळतो: पाणंदीच्या दोन्ही बाजूंचा हा पट्टा वाड्यांचा आहे, त्याचं पाणी वाड्यांवर टिकलं आहे, तो हिरवाच ठेवा. वाहनतळ नको, १२ मीटरचा रस्ता नको, निळा तुकडा नको, हे सगळं त्या एका वाक्यातून निघतं. ऐकणाऱ्यालाही पटतं की हे कुटुंब स्वतःचा तोटा सोसून बोलतंय. तोटा खराच आहे, तो झाकून उपयोग नाही. हिरव्यात राहिलेल्या गुंठ्याचा भाव पिवळ्याच्या जवळपासही जात नाही, आणि भावोजी तुम्हाला हे दर गणपतीत ऐकवतील.

तुमच्या पत्राचा सूर पाहता तुमचा कल वाडीकडे आहे असं धरून पुढचं लिहिते.

नगरपरिषदेत गेल्यावर सगळे जण प्रस्तावित वापराचा रंगीत नकाशा बघतात आणि परत येतात. तुम्ही दुसरा नकाशा मागा: विद्यमान जमीन वापराचा. योजना आखण्याआधी आज जमिनीवर काय आहे हे नोंदवणारा हा नकाशा कलम २५ नुसार करावाच लागतो. त्यात तुमचा सर्व्हे नंबर शोधा आणि तुमच्या वाडीवर कुठली खूण आहे ते पाहा. 'बागायत' म्हणून दाखवली आहे की 'रिकामी जागा' म्हणून? विहीर आहे का? पाणंदीकडेचा वहाळ, म्हणजे ओढा, आहे का? कोकणातल्या शहरांचं दुखणं इथेच आहे. वरून काढलेल्या चित्रात माडाच्या झावळ्यांखालचं काही दिसत नाही. घर नाही, प्लिंथ नाही, म्हणजे जागा मोकळी. वाहनतळाला, बागेला, शाळेला जागा शोधणारा माणूस मोकळीच जागा शोधणार. पाटाचं पाणी कुठून कुठे जातं, कुठल्या कोपऱ्यात पोफळीची रोपं लावली आहेत, मिरीचे वेल कुठल्या माडावर चढवले आहेत, हे त्या नकाशात उमटत नाही. पोफळ लावल्यापासून बेडा, म्हणजे सुपारी, हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा ते सगळ्या महाराष्ट्राला नव्याने कळलं. हे तुम्हाला अर्जात लिहून द्यावं लागेल, कारण त्यांच्या कागदावर तुमची वाडी कोरी आहे.

हीच गत किनाऱ्यावरच्या रापणकरांची, म्हणजे काठावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची. होड्या ओढून ठेवायची, जाळी सुकवायची जागा वर्षातले काही महिने रिकामी दिसते आणि नकाशावर कायमची रिकामी होते. तुमच्या पाणंदीच्या टोकाला मच्छीमार कुटुंबं असतील तर त्यांना आजच गाठा. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक वापराच्या जागा दाखवणं अपेक्षित आहे. त्यांची हरकत तुमच्याहून वजनदार ठरू शकते.

विद्यमान वापर चुकीचा नोंदला असेल, तर तीच तुमची पहिली हरकत. 'आमच्यावर अन्याय झाला' यावर समिती सहानुभूती दाखवील आणि पुढचा माणूस बोलावील. 'सर्व्हे क्रमांक अमुक विद्यमान वापराच्या नकाशात रिकामा दाखवला आहे. प्रत्यक्षात तिथे इतके माड, इतक्या पोफळी आणि वापरातली विहीर आहे. सोबत सातबाराची पीकपाहणी आणि फोटो' यावर त्यांना काहीतरी शेरा लिहावाच लागतो. पीकपाहणीत नारळ-सुपारीची नोंद आहे ना, हे आधी तपासा. पुष्कळांच्या सातबारावर विहिरीची नोंदच नसते.

मग रस्ता. लोकांचे डोळे रंगांवर असतात, पण या नकाशात सगळ्यात जास्त बोलतो तो रस्ता. तुमच्या पाणंदीला १२ मीटर कशासाठी हवेत? तिथल्या घरांना आजचा रस्ता पुरतो. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून राज्यभर लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली उघडा. सगळे तिला इंग्रजी आद्याक्षरांनी यूडीसीपीआर म्हणतात. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, आणि टीडीआर म्हणजे दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, विकता येणारा बांधकामाचा हक्क. भूखंडाला मूळ एफएसआयच्या वर प्रीमियम भरून किंवा टीडीआर आणून आणखी किती बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. उंच इमारतीला समोर किती रुंद रस्ता हवा, हेही त्यातच आहे. म्हणजे समुद्राकडच्या तुकड्याला नुसता निळा रंग देऊन फार काही होत नाही. तिथपर्यंत रुंद रस्ता गेला की त्या रंगात जीव येतो. तुमची विहीर त्या रस्त्यात जातेय. वाहनतळही त्याच रस्त्यावर, टोकाच्या थोडं अलीकडे. मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही, कारण हेतू नकाशात दिसत नाहीत. पण तिन्ही गोष्टी एका ओळीत आहेत एवढं तर दिसतं, आणि समितीला ते दाखवायला तुम्हाला कोणावर आरोप करावा लागत नाही. नकाशावर बोट ठेवा, पुरे.

त्यामुळे तुमची सगळ्यात जोरदार हरकत आरक्षणावर नको, रस्त्यावर हवी. मागणी अशी करा की पाणंदीची रुंदी आहे तेवढीच ठेवावी; वाढवायचीच असेल तर किमान तिची आखणी विहीर आणि वहाळ वाचवून व्हावी. योजनेबरोबर एक अहवाल असतो, तो वाचायला मागा. वाहनतळाची गरज काढताना किती वाहनं धरली, कुठल्या महिन्यांतली, आणि हीच जागा का, याची उत्तरं त्यात शोधा. नसतील तर 'अहवालात याचा आधार आढळत नाही' असं लिहा. जुनी मंजूर योजनाही बघा. निदान २० वर्षांतून एकदा योजनेची सुधारणा करावी असं कलम ३८ सांगतं, तेव्हा जुना नकाशा कार्यालयात असणारच. पडीक जागा तेव्हा कुठल्या रंगात होती? हिरवी होती आणि आता निळी झाली असेल, तर हा बदल कशावरून, हा प्रश्न विचारायचा हक्क शहरातल्या कुठल्याही माणसाला आहे. त्यासाठी शेजारी असण्याचीही गरज नाही.

वाहनतळाला विरोध करताना पर्याय सुचवा. मे महिन्यात आणि नाताळात तुमच्या शहरात गाड्यांनी काय होतं ते तुम्ही बघताच. वाहनतळच नको म्हणालात तर दुकानदार, रिक्षावाले, सगळे तुमच्या विरोधात जातील आणि त्यांचंही बरोबर असेल. समुद्रापर्यंत गाड्या आणू नका, शहराच्या वेशीवर, सरकारी किंवा नगरपरिषदेच्या जागेत थांबवा आणि तिथून रिक्षा चालू द्या, असं म्हणता येईल. जागा सुचवताना तिचा मालक कोण हे तलाठ्याकडून नक्की करून घ्या. आपलं आरक्षण दुसऱ्याच्या वाडीवर सारणारा अर्ज देऊ नका. असे अर्ज दिल्यावर एका वाडीतली माणसं पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या दारात जात नाहीत.

समुद्र हाकेवर आहे म्हणजे सीआरझेडचा, किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, विषय आलाच. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, नंतर २०११ ची, आणि आताची १८ जानेवारी २०१९ ची. विकास योजनेत एखादी जागा निळी झाली म्हणून सीआरझेड उठत नाही; दोन्ही चाळण्यांतून जावं लागतं. आणि एक गैरसमज तुमच्याकडेही असेल: नगरपरिषदेची हद्द म्हणजे आपोआप सीआरझेड-२. तसं नाही. सीआरझेड-२ व्हायला ते क्षेत्र नुसतं हद्दीत असून भागत नाही. तिथले निम्म्याहून जास्त भूखंड बांधलेले असावे लागतात आणि रस्ते, पाणी, गटारं अशा सोयीही लागतात. माड-पोफळीच्या पट्ट्यात निम्मे भूखंड बांधलेले आहेत का, हे तुम्ही दारात उभं राहून सांगू शकता. सीआरझेड-२ असेल तर इमारत अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच होऊ शकते. इथे 'अस्तित्वातला' हा शब्द धरून ठेवा. योजनेत आखलेला आणि अजून न झालेला रस्ता त्यात बसत नाही. सीआरझेड-३, म्हणजे तेवढं न बांधलेलं क्षेत्र, असेल तर भरतीरेषेपासून ठरावीक अंतर ना-विकास क्षेत्र असतं. विरळ वस्तीच्या ३-ब मध्ये ते २०० मीटर, आणि दाट वस्तीच्या ३-अ मध्ये आराखडा मंजूर झाल्यावर ५०. तुमच्या शहराचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा कुठला लागू आहे आणि त्यात तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो, याची नक्कल माहिती अधिकारात मागा. हॉटेलच्या चिंतेवर हा कागद मोर्चापेक्षा जास्त कामाचा आहे.

विहिरीच्या पाण्याचा मुद्दा यालाच जोडून मांडा. पुळणीलगतच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरात तरंगत असतं. घरोघरच्या विहिरीवरून शिंपणं होतं तोवर ते टिकतं. एका जागी मोठ्या पंपाने उपसा सुरू झाला की खारं पाणी वर सरकतं आणि आजूबाजूच्या विहिरी मचूळ होतात. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टना भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला अधिसूचनेतच मनाई आहे, ती यासाठीच. एप्रिल-मे महिन्यात तुमच्या आणि शेजारच्या विहिरींचं पाणी कसं लागतं, कुणाची आधीच मचूळ झाली आहे का, हे लिहून काढा. वाडीतल्या चार घरांनी असं लिहून दिलं, तर हॉटेलच्या विरोधातली ती खरी हरकत होईल. 'आमच्या संस्कृतीला बाधा येते' वगैरे मजकूर कृपया गाळा.

आरक्षण राहिलंच, तर काय? घाबरून जाण्यासारखं लगेच काही होत नाही. जमीन तुमचीच राहते, नारळ तुमचेच उतरतात. नगरपरिषदेने ती घ्यायची म्हटली तर कलम १२६ प्रमाणे एक तर तुमच्याशी वाटाघाटीने मोबदला ठरतो, नाहीतर टीडीआर किंवा एफएसआय देतात, नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन होतं. टीडीआरचं आमिष कोणी दाखवलं तर शांतपणे विचारा की या शहरात तो विकत घेणारा कोण आहे. मोठ्या शहरात त्या कागदाला बाजार असतो. तुमच्याकडे तो कपाटात पडून राहण्याची शक्यता जास्त. आणि नगरपरिषदेने काहीच केलं नाही, तर अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांनी तुम्ही कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन घ्या' अशी लेखी नोटीस, देऊ शकता. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं मानलं जातं. लहान नगरपरिषदांकडे पैसे नसतात, त्यामुळे अशी किती तरी आरक्षणं वर्षानुवर्षं नुसती नकाशावर असतात. पण हे शेवटचं दार आहे. आज हरकत न देता बारा वर्षांनी बघू म्हणणं म्हणजे लेकीच्या गळ्यात दावा बांधून ठेवणं.

एजंटचा फोन घेऊ नका. घेतलाच तर साठेकरार, कुलमुखत्यारपत्र, 'फक्त अर्ज करण्यापुरती' सही, यातलं काहीही आत्ता करू नका. प्रारूप योजना आली की ही माणसं आरक्षणातल्या जमिनी शोधत फिरतात. भीती ताजी असताना भाव पडलेला असतो, आणि 'आरक्षण मी काढून घेतो' म्हणून घेतलेलं मुखत्यारपत्र पुढे विक्रीलाही वापरता येतं. भावोजींना हे तुम्ही सांगू नका, यजमानांना सांगू द्या. जावेने-भावजयीने सांगितलं की जमिनीची गोष्ट मानापमानाची होते. भावोजींना डोंबिवलीहून एक शनिवार-रविवार बोलवून घ्या आणि नकाशापुढे उभं करा. फोनवर 'येलो' म्हणणं सोपं असतं. वाडी पिवळी झाली तरी १२ मीटरचा रस्ता तिच्या तोंडातूनच जाणार आहे आणि विकायला उरणारी जागा किती, हे तिथे उभं राहिल्यावर त्यांनाही दिसेल. तरीही त्यांचं मत बदललं नाही, तर निदान एवढं कबूल करून घ्या की दोघे भाऊ एकाच सर्व्हे नंबरावर उलटसुलट हरकती देणार नाहीत. सातबारावरच्या दोन नावांनी दोन विरुद्ध अर्ज केले, की समितीला काहीच न करण्याचं उत्तम कारण मिळतं.

अर्ज तीन वेगळे करा: रस्त्याचा, आरक्षणाचा, निळ्या तुकड्याचा. एकातला मुद्दा फेटाळला तर दुसरे त्याच्याबरोबर बुडू नयेत. प्रत्येकावर सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, नकाशावरचा आरक्षण क्रमांक, आणि शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' ही ओळ. योजनेच्या भाग नकाशाची प्रमाणित प्रत विकत मिळते. ती घेऊन त्यावर लाल पेनने विहीर, वहाळ, घर दाखवा आणि जोडा. भूमी अभिलेखची मोजणी झालेली असेल तर तो नकाशाही लावा, नसेल तर आता मोजणीच्या मागे लागू नका, ३० दिवसांत ती होणार नाही. सुनावणीला वकील न्यायलाच हवा असं नाही. यजमान शांतपणे पाच मिनिटं बोलू शकत असतील तर तेच बरे. वाडीतला माणूस वाडीबद्दल बोलला की ऐकतात.

समिती अहवाल देईल, नगरपरिषद काही फेरबदल करील, ते प्रसिद्ध होतील, मग योजना शासनाकडे मंजुरीला जाईल. शासनाने मोठा बदल सुचवला तर त्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, तेव्हा राजपत्रावर लक्ष ठेवणारा एक माणूस वाडीत नेमून टाका. कोर्टाचं एवढ्यात बोलू नका. वेळ आलीच तर आता सिंधुदुर्गवाल्यांना मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं.

राहिल्या लेकीच्या दोन खोल्या. आता बांधू नका. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर परवानगी देताना ती विचारात घ्यावीच लागते, म्हणजे आरक्षणाच्या भागात परवानगी मिळणं कठीण. आणि परवानगीशिवाय बांधलंत तर बेकायदा बांधकाम पाडायची कलम ५३ ची नोटीस सुनावणीच्या आधी दारात येईल. हिरवा पट्टा वाचवा म्हणणाऱ्या घराने हिरव्या पट्ट्यात चोरून स्लॅब टाकला, हे सांगायला विरुद्ध बाजूला कष्टही पडणार नाहीत. लेकीला पर्यटनाचं काही करायचंच असेल तर आहे त्या घरातल्या खोल्या वापरू दे. घराचा पाया, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिकांनी घरात पर्यटक ठेवायला सीआरझेडच्या अधिसूचनेत वाव ठेवलेला आहे. माजघराशेजारची खोली, स्वच्छ संडास-बाथरूम आणि जेवायला घरचं, एवढ्यावर तिला पहिला मोसम काढून बघता येईल. नोंदणीसाठी काय कागद लागतात ते नगरपरिषदेत हरकतीची पोच घ्यायला जाल तेव्हाच विचारून या.